सात दिवसांचं पाणी

अनंता भोईरला कुणी विचारलं, की मिस्त्री, आजवर किती भिंती बांधल्यात, तर तो म्हणायचा, "उभ्या हायत त्या कशाला मोजायच्या? पडली एखादी तर मोजू." आणि खरंच, अडतीस वर्षांच्या गवंडीकामात त्याची एकही भिंत पडलेली नव्हती. राहनाळजवळच्या पाड्यावरचा हा माणूस बुटका, काटक, कानावर कायम पेन्सिल. बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार होईपर्यंत थांबायचा नाही. फक्त एका गोष्टीबद्दल तो सव्वीस वर्षं तोंड मिटून होता. ती गोष्ट ओघाने येईलच.

वडील दौलत भातशेती करायचे. त्या शेतांवर पुढे गोदामं उभी राहिली, आणि त्यातल्या दोन गोदामांच्या भिंतींना गिलावा केला तो अनंतानेच. सोळाव्या वर्षी हातात थापी घेतली, पंचविशीत मिस्त्री झाला, आणि मग मानकोलीच्या चांगदेवशेठकडे पेटीवर कामं घ्यायला लागला. पेटीवर म्हणजे काय, तर सरकारी काम मिळतं शेठच्या नावावर, फोटो निघतो शेठचा, दाखला मिळतो शेठला. आणि माणसं जमवून, उन्हात उभं राहून ते काम उठवतो अनंता. शेठ वाईट नव्हता. पैसे वेळेवर द्यायचा, दिवाळीला मिठाई पाठवायचा. पण पंचवीस वर्षं पेटीवर कामं करूनही अनंताच्या नावाचा कागद काही तयार होत नव्हता, आणि कागद नाही म्हणून नवीन काम नाही. नोकरीला अनुभव हवा आणि अनुभवाला नोकरी हवी, तसलाच हा घोळ.

तो घोळ सोडवायला बसली त्याची मुलगी रूपा. रूपा नवसाची. लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा अनंता आणि त्याची बायको कमळ वज्रेश्वरीला जाऊन बोलून आले होते, आणि पुढच्याच वर्षी ही झाली. तिने स्थापत्याचा डिप्लोमा केला, वर्षभर मानकोलीच्या गोदामात खोक्यांवरचे पट्टे स्कॅन करण्याची शिफ्ट केली आणि एक दिवस येऊन म्हणाली, "बाबा, खोकी मोजण्यापरीस तुजा धंदा मोठा करू." मग नोंदणी झाली. फर्मचं नाव ठेवलं ठमाई कन्स्ट्रक्शन. अनंताची आई ठमाबाई हिने जन्मभर दुसऱ्यांच्या बांधकामांवर घमेली वाहिली होती. आता तिचं नाव लेटरहेडवर आलं.

ग्रामपंचायतीच्या दोन अंगणवाड्यांची दुरुस्ती त्यांनी फर्मच्या नावावर केली. ग्रामसेवकाने हाताने लिहून दाखले दिले. रूपाने ते प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात ठेवले, सोन्याच्या डब्याशेजारी. ती रोज सकाळी लॅपटॉप उघडून निविदा वाचायची, आणि वाचून बापाला ऐकवायची. "निविदा म्हंजे परीक्षाच हाय बाबा. फरक इतकाच, की पेपर आधीच फुटलेला असतो. तरी कोनी वाचत न्हाय."

डिसेंबरात तिला हवी तशी निविदा निघाली. नागरी वसाहत मंडळाची टेमघरच्या बाजूला एक जुनी वसाहत होती. कमी भाड्याच्या चार इमारती, ए, बी, सी आणि डी. तळमजला अधिक तीन. गळती थांबवणं, बाहेरून गिलावा, रंग. आजवर असलं काम एकाच गठ्ठ्यात निघायचं आणि चांगदेवशेठसारख्यांनाच झेपायचं. या वेळी मंडळाने चार तुकडे केले होते, एका इमारतीचा एक, आणि अट घातली होती की एका ठेकेदाराने एकाच तुकड्यासाठी भरायचं. लहान फर्मना वाव मिळावा म्हणून. "आपला नंबर लागतो यात," रूपा म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते. "ए बिल्डिंग भरू. रस्त्याला लागून हाय, माल उतरवायला बरं."

वसाहतीचं नाव ऐकल्यावर अनंताने कानावरची पेन्सिल काढली आणि उगाच तासत बसला.

पाहणीला दोघे स्कूटरवरून गेले. ए, बी, डी या तीन इमारतींचं दुखणं एका नजरेत कळत होतं. गच्ची गेलेली. गच्ची केली की गळती बंद. सी इमारतीत मात्र गच्चीवर जायच्या आधीच तळमजल्यावरच्या एका बाईने त्यांना हाक मारली. गोदूबाई नाव. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. नवरा पॉवरलूमवर कामाला होता, तो जाऊन दहा वर्षं झाली.

"मंडळाची मानसं ना? या, बघा," असं म्हणून तिने स्वयंपाकघर दाखवलं. न्हाणीला लागून असलेली भिंत वरपासून खालपर्यंत काळी-हिरवी. भिंतीवर निळा प्लॅस्टिकचा कागद खिळ्यांनी ठोकलेला, त्याच्यामागे ओल. "तीन वेळा गच्ची करून गेले. तीनदा रंग दिला. पावसाचा काय संबंध? उन्हाळ्यात बी गळतं. देव्हारा हतं होता, आता पलंगाखाली डब्यात ठेवलाय देव. काय करू? देवाला बुरशी लागते."

ती हे हसत सांगत होती. अनंताला हसता आलं नाही. त्याने भिंतीला हात लावला, वर बघितलं आणि म्हणाला, "पानी वरच्या न्हाणीचं हाय."

"मी बी तेच बोलते, ऐकतो कोन?"

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर रूपाला अक्षरं दिसली. ओल्या सिमेंटमध्ये खिळ्याने कोरलेली. अ. दौ. भोईर, चैत्र, १९९८. ती जागच्या जागी उडाली. "बाबा! ही तू बांधलीस? आन् मना सांगितलं न्हायस? मीटिंगमध्ये हे पयलं सांगायचं, फोटो काढते थांब." तिने मोबाइल वर केला. अनंताने तिचा हात धरून खाली घेतला.

राहनाळ नाक्यावर चहा घेताना त्याने सांगितलं. लपवायचं असतं तर लपवता आलं असतं. रूपाने काही खोदून विचारलं नव्हतं. पण गोदूबाईचा देव पलंगाखाली डब्यात होता.

गोष्ट अशी होती. न्हाणीघराची फरशी बसवण्याआधी खालचा खड्डा पक्का करतात, आणि तो गळत नाही ना हे बघायला पाणी भरून सात दिवस ठेवतात. सातच का? कारण पाणी लबाड असतं. पहिले तीन-चार दिवस ते गप्प बसतं आणि मग आपली वाट शोधतं. सी इमारतीच्या सोळा न्हाण्यांत अनंताने पाणी भरलं तेव्हा चैत्र संपत आला होता. अमावास्येला वज्रेश्वरीची यात्रा. सगळे गवंडी, बिगारी गावचे. सगळ्यांना यात्रेला जायचं होतं. आणि अनंताला तर नवस बोलायचा होता. जाण्याआधी फरशीखालचं काम मिटवून जावं, नाहीतर परत आल्यावर शेठ आठवडा फुकट गेला म्हणून ओरडणार. तिसऱ्या दिवशी खालचं छत कोरडं दिसत होतं. अनंताने पाणी सोडून दिलं. दोन दिवसांत फरशा लागल्या. शेठने विचारलं, सात दिवस भरले का? अनंता म्हणाला, भरले. आणि सगळे टेम्पोत बसून देवीला गेले.

"म्हंजे माझ्या नवसासाठी," रूपा म्हणाली.

"तुज्यासाठी न्हाय. माझ्या घाईसाठी. देवी काय बोलली हुती, चार दिवस आधी ये म्हनून?"

तिने चहाचा पेला खाली ठेवला. मग हिशेबी आवाजात म्हणाली, "हे बघ बाबा. आपन ए भरतोय. ए ची गच्ची हाय, न्हाणी न्हाय. सी कोनीतरी घेईल, गच्ची करील, जाईल. आपला काय संबंध?"

"आन् ती बाई?"

"मीटिंगमध्ये बोललास, तर कोन देईल तुला काम? आपली पयली सरकारी मीटिंग, आन् तू उभा राहून सांगनार की मी खोटं बोल्लो हुतो? चांगदेवशेठच्या कानावर बी जाईल. त्याच्यावर आपलं वर्षातलं चार म्हैनं घर चालतं."

तिचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. अनंतालाही ते कळत होतं. त्याने चहाचे पैसे दिले आणि स्कूटरला किक मारली.

निविदा भरण्याआधी मंडळ एक बैठक घेतं. ज्यांना शंका आहेत त्यांनी विचाराव्यात, उत्तरं सगळ्यांना सारखी मिळतात. मोठे ठेकेदार तिथे सहसा येत नाहीत, आपला माणूस पाठवतात. तो चहा-बिस्किटं खाऊन सही करून जातो. या वेळी चांगदेवशेठ मात्र जातीने आला होता, कारण तुकडे केल्याबद्दल त्याला तक्रार करायची होती. सत्तरीचा माणूस, पांढरा सफारी, हातात काठी. टेबलाच्या टोकाला मंडळाच्या उपअभियंता निवेदिता मॅडम. शेठची तक्रार त्यांनी लिहून घेतली, शासनाचं धोरण आहे म्हणाल्या आणि विचारलं, "आणखी कुणाची शंका?"

अनंता उभा राहिला. बसूनही बोलता आलं असतं, पण त्याला तसं जमेना.

"सी बिल्डिंगची गच्ची करून उपेग न्हाय, मॅडम. गळती न्हाण्यांची हाय. सोळाच्या सोळा खोलायला लागतील."

"अंदाजपत्रक करताना आम्ही गच्ची तपासली आहे. तुम्ही हे कशावरून म्हणता?"

रूपा शेजारी बसली होती. तिने मान खाली घातली. अनंता म्हणाला, "त्या मीच केल्यात. पानी सात दिवस ठेवायचं हुतं, मी तीनच दिवस ठेवलं. आन् सात बोल्लो."

खोलीत कुणीतरी हसलं, मग तेही थांबलं. निवेदिता मॅडमनी पेन खाली ठेवलं. रागावल्यात की काय ते अनंताला कळेना. मग त्या म्हणाल्या, "सव्वीस वर्षांपूर्वीच्या कामाचा दोष आता कुणावर लावता येत नाही. पण भोईर, तुमचं म्हणणं इतिवृत्तात जाईल. नावासकट. चालेल?"

"लिवा," अनंता म्हणाला.

बाहेर जिन्यात चांगदेवशेठने त्याला गाठलं. तो ओरडेल असं वाटलं होतं, पण शेठ ओरडला नाही, आणि तेच जास्त लागलं. "मी तुला विचारलं हुतं, अनंता. तू हो बोल्लास. तुज्या शब्दावर सही केली मी. माज्या नावाची बिल्डिंग हाय ती." काठीने एक पायरी ठोकली. "आता माज्याकडं कामाला येऊ नको." अनंताने त्याच्या पायांना हात लावला. शेठने पाय मागे घेतले नाहीत, पण आशीर्वादही दिला नाही.

आठवड्याने इतिवृत्त मंडळाच्या संकेतस्थळावर आलं. रूपाने वाचून दाखवलं: 'मे. ठमाई कन्स्ट्रक्शनचे प्रोप्रायटर श्री. अनंता दौलत भोईर यांनी निवेदन केले की'. छापील सरकारी कागदावर आपलं नाव यावं म्हणून हा माणूस पंचवीस वर्षं झुरला होता. ते आलं, आणि असं आलं. तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. रूपाने लॅपटॉप मिटला.

त्याच दिवशी शुद्धिपत्रकही निघालं. मंडळाने एक-दोन न्हाण्या खोलून बघितल्या होत्या. सी इमारतीचं काम बदललं होतं, रक्कम वाढली होती, मुदत दोन आठवड्यांनी पुढे गेली होती. आणि एक नवीन अट आली होती. माणसं घरात राहत असतानाच काम करायचं आहे, तेव्हा कोणत्या घराची न्हाणी किती दिवस बंद राहील आणि तेवढे दिवस ते कुटुंब कुठे जाईल, याचं वेळापत्रक निविदेसोबत जोडावं.

"बाबा, निदान आता तरी ए भर," रूपा म्हणाली. आता तिच्या आवाजात जोर नव्हता.

"सी भरायची. पानी मी सोडलंय, भरनार बी मीच."

मग बापलेक चार दिवस सी इमारतीचे जिने चढत-उतरत राहिले. सोळा दारं वाजवली. कुणाची परीक्षा कधी, कुणाची रात्रपाळी, कुणाच्या घरी बाळंतीण येणार, कुठल्या आजोबांना शेजाऱ्याच्या न्हाणीत जायची लाज वाटते, सगळं रूपाने वहीत लिहिलं. तळमजल्यावर रिकामी पडलेली पंपाची खोली होती, तिथे तात्पुरती न्हाणी करायचं अनंताने सुचवलं. शेवटी गोदूबाईने वेळापत्रकाच्या कागदावर सोळा घरांच्या सह्या गोळा करून दिल्या. कुणी मागितल्या नव्हत्या. ती म्हणाली, "असू द्या, कागद जड होतो."

दरावरून घरात भांडण झालं. रूपाचं म्हणणं, मंडळाच्या अंदाजापेक्षा बारा टक्के खाली भरू, पहिलं काम आहे. अनंता तीन टक्क्यांच्या पुढे सरकेना. "सात दिवस पानी भरलं की सात दिवस फरशीवाला बसून राहतो. त्याची मजुरी यात न्हाय धरली, तर पाचव्या दिवशी माजाच हात बोळ्याकडं जाईल. मी मना वळखतो." बोळा म्हणजे पाणी अडवायला पाइपात घालतात तो. रूपाने निविदेत तीन टक्के लिहिले.

सी साठी तीन निविदा आल्या. सगळ्यात कमी दर होता अठरा टक्के खाली, पण त्या फर्मने वेळापत्रकाच्या जागी कुठल्यातरी दवाखान्याच्या कामाचा कागद जोडला होता. त्यात सोळा कुटुंबांच्या ऐवजी चाळीस खाटांचा उल्लेख होता. पेपर फुटलेला असूनही कुणी वाचत नाही, हे रूपाचं म्हणणं खरं ठरलं. ती निविदा कागदांच्या छाननीतच बाद झाली. उरलेल्या दोघांत अनंताचा दर एक टक्क्याने कमी निघाला. कार्यादेश घेताना निवेदिता मॅडमनी एवढंच विचारलं, "या वेळी किती दिवस?" अनंताने सात बोटं दाखवली, मग त्याला वाटलं की बोटं दाखवणं पोरकट झालं, म्हणून तोंडानेही सांगितलं.

काम फेब्रुवारीत सुरू झालं. फरशा उकरल्या तेव्हा त्याच्याच हातच्या लादीखालून चिखल निघाला. पंढरी नावाचा त्याचा जुना जोडीदार, जो तेव्हाही त्याच कामावर होता, तो हळूच म्हणाला, "अनंता, हे आपलंच रं." अनंताने मान हलवली आणि घमेलं पुढे केलं. एकावर एक असलेल्या न्हाण्यांची रांगेमागून रांग होत गेली. प्रत्येक न्हाणी भरली की तो खालच्या घराच्या भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहायचा, खाली सात रेघा ओढायचा. रोज एक रेघ खोडायची. खालच्या घरातल्या माणसाला बोलावून त्याच्याकडूनच ती खोडून घ्यायचा. फरशीवाला कुरकुरायचा, मजुरी मिळत होती तरी. शेठकडून कामं बंद झाल्यामुळे घरात ओढाताण होतीच. कमळने दोन वेळा विचारलं, की पुढचं काम कुठलं? त्याने सांगितलं, हे संपू दे.

शेवटची रांग गोदूबाईच्या डोक्यावरची. तिच्या वरच्या न्हाणीत पाणी भरलं आणि पंढरीने कॅलेंडर बघून सांगितलं, "चौथ्या दिवशी अमास हाय."

चैत्रातली. सव्वीस वर्षांत अनंताने एकही यात्रा चुकवली नव्हती. रूपाच्या नवसाचा नारळ दरवर्षी त्याच्याच हातून फुटायचा. त्या दिवशी सकाळी टेम्पो भरून पाडा वज्रेश्वरीला निघाला. कमळ गेली, पंढरी गेला. रूपा टेम्पोत चढता चढता थांबली. "बाबा, मी थांबते हतं. तू जा. पानी बघायला काय लागतं?"

"तू जा. नारळ तू फोड. तुजाच नवस हाय," अनंता म्हणाला. तिने नारळ हातात घेतला. मग ती चढून बसली.

दुपारी वसाहत सामसूम होती. गोदूबाई खिचडीची ड्युटी संपवून आली तर अनंता तिच्या स्वयंपाकघरात, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलेला. निळा कागद काढून टाकला होता. त्याने बोटाने वरचा कोपरा दाखवला. तिने स्टुलावर चढून छताला तळवा लावला, मग भिंतीला, मग गालाला. कोरडं होतं.

"मंग झालं की," ती म्हणाली. "चौथा दिस हाय, गळायचं असतं तर गळलं असतं. समदे यात्रेला गेले. तुमी का न्हाय गेलात, मिस्त्री?"

अनंताने कानावरची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. भिंतीवरच्या सात रेघांपैकी तीन खोडलेल्या होत्या.

"पानी भरलंय," तो म्हणाला.

गोदूबाईने चौथी रेघ खोडली. मग पलंगाखाली हात घालून तिने देवाचा डबा ओढला, फडक्याने पुसला आणि भिंतीकडे बघून तो तसाच मांडीवर घेऊन बसली. अजून तीन दिवस होते.